प्रीएक्लॅम्पसिया: आईचा बीपी मोजला, बाळाच्या साखरेचे काय?

गरोदरपणातल्या बीपीबद्दल अलीकडे दोन मोठ्या बातम्या आल्या. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रीएक्लॅम्पसिया गंभीर होण्याचा धोका सांगणाऱ्या एका रक्त तपासणीला मान्यता दिली. जानेवारी २०२४ मध्ये भारत आणि टांझानियात झालेल्या कॅल्शियमच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हापासून गिरगाव, दादर, लालबागमधून तपासणीला येणारी जोडपी मोबाइल पुढे करून विचारतात, "डॉक्टर, ही नवी टेस्ट आम्ही करून घ्यायची का?"

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर या लेखात आहे. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. या आजारात बीपी आईचा मोजतात, लघवी आईची तपासतात, गोळीही आईलाच देतात. आजाराची सुरुवात मात्र वारेत, म्हणजे प्लासेंटामध्ये होते आणि वारेच्या दुसऱ्या टोकाला बाळ असते. बाळाच्या शरीरात साखर, चरबी, प्रथिने यांचा जो हिशेब चालतो, म्हणजेच चयापचय, त्यावर या आजाराचा थेट परिणाम होतो. तरीही आईची तब्येत सावरली की आपल्या दृष्टीने विषय संपतो. तो का संपू नये, हे आज समजून घेऊ.

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे नेमके काय?

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त राहू लागला आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट्स यांवर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. बीपी १६०/११० वर गेला तर तो तातडीचा प्रसंग असतो. झटके आले की त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात.

याचे मूळ बरेच आधी, पहिल्या चार-पाच महिन्यांत असते. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्या रुंद करतात. अरुंद नळीचा जणू पसरट कालवा होतो आणि आईचे रक्त वारेपर्यंत संथ व भरपूर पोहोचते. प्रीएक्लॅम्पसियात, विशेषतः ३४ आठवड्यांच्या आत सुरू होणाऱ्या प्रकारात, हे रुंदीकरण अर्धवट राहते. रक्त कमी येते, शिवाय ते जोरात आणि धक्क्याधक्क्याने येते.

चाळीतल्या नळाची आठवण करा. पाणी दिवसभर बारीक धारेने आले तरी घर चालते. पण कधी बंद, कधी एकदम जोरात आणि गढूळ आले, तर ना भांडी भरतात, ना नळाची तोटी टिकते. वारेचेही असेच होते. ऑक्सिजन कधी कमी तर कधी अचानक जास्त, या चढउतारांत तिच्या पेशींना इजा होते.

इजा झालेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. त्यातला महत्त्वाचा म्हणजे एस-एफएलटी-१ हे प्रथिन. रक्तवाहिन्या निरोगी ठेवणाऱ्या पीएलजीएफ या घटकाला ते अडवून धरते. परिणामी आईच्या शरीरभरातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांचे अस्तर गळू लागते. भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या बोस्टनमधल्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा दुवा दाखवून दिला. आजची नवी रक्त तपासणी त्याच शोधावर उभी आहे.

वार स्वतः काय वापरते, बाळाला काय देते?

वारेला आपण नुसती चाळणी समजतो. प्रत्यक्षात ती एक भुकेला अवयव आहे. गर्भाशयाकडे आलेल्या ऑक्सिजन आणि ग्लुकोजचा मोठा वाटा ती स्वतःसाठीच वापरते. म्हणून पुरवठा कमी पडला की टंचाईची झळ आधी वारेच्या कामकाजाला लागते आणि मग बाळाला.

ग्लुकोजचे पाहा. आईच्या रक्तात साखर जास्त आणि बाळाच्या रक्तात कमी असते, त्यामुळे ती उताराने वाहावी तशी बाळाकडे जाते. ऑक्सिजन कमी असलेली वार कमी कार्यक्षम मार्गाने ऊर्जा तयार करते. त्यात जास्त ग्लुकोज खर्च होते, कमी ऊर्जा मिळते आणि लॅक्टेट साठते.

अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या कच्च्या मालाची, गोष्ट उलटी आहे. ती बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त असतात, म्हणजे वारेला ती चढावर ढकलावी लागतात. त्यासाठी ऊर्जेवर चालणारे पंप लागतात. ऊर्जाच अपुरी असेल तर पंप मंदावतात आणि बाळाची वाढ, विशेषतः स्नायूंची, मागे पडते.

तिसरा घटक चरबी. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू वेगाने वाढतो आणि त्याला डीएचए हे ओमेगा-३ गटातले मेदाम्ल लागते. या विषयावर महत्त्वाचे काम आपल्या पुण्यात झाले आहे. भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि सहकाऱ्यांनी प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या वारेचा अभ्यास केला. त्यांना वारेत डीएचए कमी आढळले आणि त्याचा संबंध एस-एफएलटी-१च्या वाढलेल्या पातळीशी दिसला. म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड आणि चरबीच्या चयापचयातला बिघाड हातात हात घालून चालतात.

इथे एक सावधगिरी. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे सिद्ध होत नाही. प्रीएक्लॅम्पसियात पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, म्हणून क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या. मोठ्या चाचण्यांमध्ये त्यांनी आजार टळला नाही. तेव्हा बांगडा, तारली, जवस, अक्रोड जेवणात जरूर असू द्या, पण फिश ऑइलच्या कॅप्सूलवर विसंबून तपासणी चुकवू नका.

जन्मानंतरचे पहिले ४८ तास

वार सुटली की बाळाचा साखरपुरवठा एका क्षणात बंद होतो. पूर्ण दिवसांच्या, बाळसेदार बाळाच्या यकृतात गेल्या काही आठवड्यांत साठवलेले ग्लायकोजेन असते. दूध सुरू होईपर्यंत ते त्यावर निभावून नेते. प्रीएक्लॅम्पसियामुळे लवकर जन्मलेल्या किंवा पोटात वाढ खुंटलेल्या बाळाकडे ही शिल्लक नसते. त्वचेखालची चरबी कमी, त्यामुळे अंगही लवकर थंड पडते. थंड पडलेले बाळ ऊब टिकवण्यासाठी उरलेली साखर जाळते आणि साखर आणखी खाली जाते.

रक्तातली साखर ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली की डॉक्टर उपचार सुरू करतात. अडचण अशी, की असे बाळ नेहमी रडून सांगत नाही. ते सुस्त पडते, दूध ओढत नाही, कधी थरथरते, तर कधी काहीच दाखवत नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ठरावीक अंतराने साखर तपासतात. "एवढ्याशा जिवाला किती टोचता?" असे आजी म्हणतात. त्यांची माया समजते, पण ते टोचणे मेंदूला इजा होऊ नये म्हणून असते.

आणखी काही गोष्टी पाहिल्या जातात. पोटात ऑक्सिजन कमी मिळालेल्या बाळात तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होऊ शकते आणि नंतर कावीळ वाढते. प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी कमी असू शकतात. आईला झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम दिले असेल तर बाळ काही काळ ढिले, मंद असू शकते. लॅबेटॅलॉल दिले असेल तर बाळाची साखर आणि हृदयाचे ठोके यांवर लक्ष ठेवावे लागते.

हे वाचून औषधांना घाबरू नका. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या मॅगपाय चाचणीत मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. आईचे प्राण वाचवणारे औषध आहे ते. फक्त ते दिल्याची माहिती बाळाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी.

घरच्यांनी काय करायचे? पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजणे, त्वचेला त्वचा लावून छातीशी धरणे आणि दर दोन-तीन तासांनी दूध. मधाचे बोट, गूळपाणी, घुटी यांपैकी काही नको. साखर वाढवायची तर मध का नको, असे वाटेल. मधातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो आणि चाटवलेल्या थेंबाने साखर टिकतही नाही. आईचे दूध पुरेसे येत नसेल तर दूधपेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातच डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. छातीशी धरण्याचेही बळ मोठे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने धरल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले.

पुढची वर्षे: लहान बाळ, मोठा प्रश्न

पोटात टंचाई सोसलेले बाळ काटकसरीने वाढते. मेंदूला आधी पुरवठा आणि स्नायू, मूत्रपिंडे यांना उरलेसुरले. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या मातांच्या मुलांचा बीपी पुढे सरासरीने इतर मुलांपेक्षा थोडा जास्त आढळतो. फरक दोन-अडीच अंकांचाच असतो, पण तो लहानपणापासून सोबत असतो.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्पटनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे किरकोळ दिसत होती, पण त्यांची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, आतून चरबीदार. हा अभ्यास प्रीएक्लॅम्पसियाचा नव्हता. पण ज्या समाजात बाळे मुळातच अशी जन्मतात, तिथे वारेच्या टंचाईची भर परवडणारी नाही. अशा मुलाला "अशक्त आहे" म्हणून बिस्किटे, साखर, तूप देऊन भराभर वजन वाढवणे म्हणजे पुढच्या मधुमेहाला वाट करून देणे ठरू शकते. वजन वाढावे, पण तक्त्यावर डॉक्टरांच्या नजरेखाली.

तर मग नवी टेस्ट करायची का?

ही तपासणी एस-एफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर मोजते. अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती २३ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यान, बीपीच्या तक्रारीमुळे रुग्णालयात दाखल असलेल्या स्त्रियांसाठी. पुढच्या दोन आठवड्यांत आजार गंभीर होईल का, याचा अंदाज ती देते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, संशय असलेल्या स्त्रीचे गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी दिसली.

म्हणजे बीपी काठावर आहे, दाखल करायचे की घरी पाठवायचे असा पेच आहे, तिथे ही तपासणी उपयोगी पडते. बीपी नॉर्मल, तब्येत ठीक, तरी मनाच्या समाधानासाठी करायची, तर पैसे वाया. रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढची बीपी तपासणी चुकवली, तर नुकसानच.

ज्याचा फायदा नक्की ठाऊक आहे, ते याहून स्वस्त आहे. जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर, ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आल्याचे २०१७ च्या ॲस्प्री चाचणीत दिसले. आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया, मुळातला बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुळी, ल्युपससारखा आजार, यांपैकी काही असेल तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा. पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू केलेल्या ॲस्पिरिनचा तसा उपयोग होत नाही. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका.

मुंबईत हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या पाहणीत सुमारे ३४ टक्के प्रौढांचा बीपी वाढलेला आढळला. लग्नाआधी कधी बीपी न मोजलेल्या मुलीला तो आधीपासूनच असू शकतो.

कॅल्शियमच्या बातमीचा अर्थही सोपा आहे. बंगळूरुमध्ये अकरा हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्पसिया ३.० टक्के आणि १५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ३.६ टक्के होता. थोडक्यात, कमी डोस कमी पडला नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे नियमित घ्या. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, किमान दोन तासांचे अंतर ठेवा.

सातवा महिना आणि तुटणारी नोंद

आता खरी अडचण. परळमध्ये केईएम, वाडिया प्रसूतिगृह, वाडिया मुलांचे रुग्णालय आणि प्रजनन व बाल आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आईचे, बाळाचे आणि वारेचे शास्त्र एकाच वस्तीत नांदते, अशी जागा राज्यात दुसरी क्वचितच असेल.

पण गिरणगावातली मुलगी नेमक्या कोणत्या वेळी हे सोडून जाते? सातव्या महिन्यात. डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती दादरहून तुतारी एक्स्प्रेसने किंवा परळहून एसटीने माहेरी, कोकणात नाहीतर घाटावर जाते. २८ ते ३४ आठवडे हाच काळ, जेव्हा लवकर सुरू होणारा प्रीएक्लॅम्पसिया डोके वर काढतो. पहिलटकरणीला या आजाराचा धोका जास्त आणि माहेरी जाते तीही पहिलटकरीणच. तिचे आधीचे बीपीचे आकडे मुंबईच्या फाइलमध्ये राहतात. गावच्या डॉक्टरांना १३०/८४ दिसतो आणि तो ठीक वाटतो. तिचा नेहमीचा बीपी १००/६० होता, हे त्यांना कोण सांगणार?

माहेरी जाऊ नका, असे सांगणार नाही. तिथली विश्रांती आणि आईचा हात याला पर्याय नाही. पण माणूस जातो तसा कागदही जायला हवा. बाळंतपणानंतर हेच पुन्हा घडते. डिस्चार्ज कार्डावर आईचा प्रीएक्लॅम्पसिया लिहिलेला असतो, पण बाळाच्या लसीकरण कार्डावर त्याचा उल्लेख सहसा नसतो. दोन महिन्यांनी बाळाला पाहणाऱ्या डॉक्टरांना तो कळतच नाही.

२०१८-२० च्या आकडेवारीनुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. आपल्या राज्याने आईला वाचवण्यात मोठी मजल मारली आहे. पुढचे पाऊल म्हणजे वाचलेल्या आईची आणि बाळाची माहिती एकत्र ठेवणे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. माता बाल संरक्षण कार्डावर दोन ओळी पुरतात.

तुम्ही काय कराल?

• पहिल्या भेटीपासून प्रत्येक बीपी तारखेसह लिहून ठेवा. त्या पानाचा फोटो मोबाइलवर ठेवा आणि माहेरच्या एका माणसाला पाठवा.

• गावी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते, ती चुकवू नका.

• पायाला थोडी सूज बऱ्याच जणींना येते. पण चेहरा किंवा हात सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणे, दम लागणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

• बाळ झाल्यावर विचारा: "बाळाची साखर कधी कधी तपासणार? मॅग्नेशियम किंवा लॅबेटॅलॉल दिल्याचे बाळाच्या कागदावर लिहिले का?"

• बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी आईचा बीपी पुन्हा वर जाऊ शकतो. घरी आल्यावरही दहा दिवस तो मोजून घ्या. सहा ते बारा आठवड्यांनी आणि मग दरवर्षी तपासा. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रीला पुढे हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट असतो.

• बाळाच्या कार्डाच्या पहिल्या पानावर, हवे तर स्वतःच्या हाताने, लिहा: "आईला प्रीएक्लॅम्पसिया होता. जन्माचा आठवडा अमुक, वजन अमुक." बालरोगतज्ज्ञांना दरवेळी ते दाखवा.

वार बाळंतपणानंतर काही मिनिटांत बाहेर पडते आणि आपण तिला विसरतो. तिने नऊ महिने कसे काम केले, याचा परिणाम मात्र आई आणि बाळ दोघांच्या शरीरात राहतो. म्हणून त्याची नोंद दोघांच्या कागदावर असू द्या.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या तपासण्या आणि औषधे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.